एक प्रश्न त्यालाही विचारा
(राज्यातल्या सर्व जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र)

माननीय जिल्हाधिकारी,



आपण किती समित्यांचे अध्यक्ष आहात हे आपल्या स्वीय सहायकालाही यादी काढल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या गर्दीत एक समिती अशी आहे की तिची बैठक राहून गेली तरी कुठल्या वर्तमानपत्रात ओळ छापून येत नाही, आमदारांचा फोन येत नाही, अधिवेशनात तारांकित प्रश्न पडत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ या कायद्याखालची स्थानिक स्तर समिती. तिच्यात माणसं तीनच: आपण, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. दर तीन महिन्यांनी निदान एकदा तरी ती भरली पाहिजे, असं कायदा सांगतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेला माणूस अठरा वर्षांचा झाला, की त्याला कायदेशीर पालक हवा का आणि हवा तर कोण, हे ही समिती ठरवते. एका सज्ञान नागरिकाचे पैसे, घर, औषधपाणी आणि राहण्याचा पत्ता यांचा निर्णय तिच्या आदेशाने दुसऱ्याच्या हाती जातो. हे पत्र त्या आदेशाखालच्या आपल्या सहीबद्दल आहे.

मी बहीण आहे. माझा धाकटा भाऊ चाळिशी ओलांडलेला, डाउन सिंड्रोम असलेला. मी बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता आमच्या पालक संघटनेत लोकांना पालकत्वाचे अर्ज भरून देते. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत, आणि आपल्या कार्यालयाबाहेरचं बाकडंही.

आमच्या पालकसभेत विषय काहीही असो, फिजिओथेरपी असो की सहलीची वर्गणी, शेवटी कोणीतरी ते वाक्य बोलतंच: ‘आमच्या माघारी याचं काय?’ पूर्वी हा प्रश्न इतका टोचत नसे, कारण लेकरंच आधी जात. अमेरिकेतली आकडेवारी सांगते की १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीला टेकलं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया, प्रतिजैविकं, थायरॉइडची साधी गोळी यांनी हे घडवलं. माझा भाऊ जन्मला तेव्हा डॉक्टरांनी आईला ‘फार जीव लावू नका’ असं सांगितलं होतं. तिनं लावला. आता भावाचे कल्ले पांढरे झाले आहेत, आई-वडील दोघंही नाहीत, आणि डाउन सिंड्रोम असलेल्यांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा बराच लवकर गाठतो, हे डोक्यात ठेवून पुढची व्यवस्था लावायची आहे. अशी एक अख्खी पिढी राज्यात म्हातारी होते आहे. तिच्या म्हातारपणाचा विचार कोणी केला नव्हता, कारण ती इतकी जगेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १ लाख ६० हजार. घरातल्या अशा माणसाचं नाव प्रगणकाला सांगताना अजून बऱ्याच घरांत जीभ अडखळते, तेव्हा खरी संख्या मोठीच असणार.

ही मंडळी आपल्या दारी येतात ती बहुतेक वेळा बँकेनं पाठवली म्हणून. वडील गेले, फॅमिली पेन्शन मुलाच्या नावे व्हायची आहे. किंवा सातबाऱ्यावर वारस लागायचे आहेत, सोसायटीचा शेअर दाखला बदलायचा आहे. काउंटरवरचा अधिकारी मुलाकडे एक नजर टाकतो आणि बहिणीला सांगतो, ‘गार्डियनशिप घेऊन या.’ आपल्या समितीनं दिलेलं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरा, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्ये बँकांना कळवलं. हेतू चांगला होता, लोकांची कोर्टाची पायरी वाचावी. पण सरकारदरबारी जो कागद मिळू शकतो तो लवकरच मागितला जातो, आणि मागितला जाणारा कागद सक्तीचा होतो. ज्याला सही करता येते, जो गल्लीतल्या एटीएममधून स्वतः पाचशे रुपये काढतो, त्यालाही तो आणायला लावतात. मी भरून दिलेल्या अर्जांतल्या बऱ्याच घरांना पालक नको होता, पेन्शन हवी होती. पेन्शनसाठी त्यांनी माणसाचे सगळे अधिकार लिहून दिले.

आणि सुनावणी? एक सांगते, जिल्हा सांगत नाही, कारण तो कुठलाही असू शकतो. अर्ज साचलेले होते, त्यामुळे एकाच सकाळी सगळ्यांना बोलावलेलं. व्हरांड्यात आया, म्हातारे बाप, व्हीलचेअरी, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्राच्या झेरॉक्स. नाव पुकारलं की घरचे आत जात. ‘अर्जदार कोण? नातं? मुलाला काही समजतं का?’ शेवटचा प्रश्न मुलाच्या समोर, पण त्याच्या आईला. आई म्हणते, ‘नाही हो साहेब, काहीच नाही.’ तिला भीती वाटत असते की थोडं समजतं असं म्हटलं तर काम अडेल. ज्या बाईनं तीस वर्षं खपून मुलाला बसचा नंबर ओळखायला शिकवलं, तिला त्या टेबलासमोर त्याला काहीच येत नाही असं सांगावं लागतं. मुलगा ऐकत असतो.

त्या दिवशी एका भावानं बहिणीसाठी अर्ज केला होता. बहीण तिशीतली, कार्यशाळेत कागदी पिशव्या करणारी, नीटनेटकी, दोन वेण्या घातलेली. तिला कोणी काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर जिन्यात ती मला म्हणाली, ‘मी दादाकडे नाही राहणार. वहिनी बाहेरून कडी लावते.’ आदेशावर सही झाली होती. तिचं वाक्य कुठल्याही फायलीत नाही.

यात कायद्याचा दोष किती? माझ्या मते कमीच. १९९९च्या कायद्याचं कलम १४ उघडून पाहावं. पालक नेमताना समितीनं दोन गोष्टींचा विचार केलाच पाहिजे, असं त्यात आहे: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि आहे तर कोणत्या कामासाठी. म्हणजे ‘गरज नाही’ हे उत्तर कायद्यानंच धरून ठेवलेलं आहे. ‘पेन्शनच्या खात्यापुरती गरज आहे’ हेही. प्रत्यक्षात छापील आदेशात सरसकट ‘व्यक्ती आणि मालमत्ता’ असं लिहून मिळतं.

पुढे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर मोहोर उमटवली होती, त्याला धरून हा कायदा झाला. कलम १३ म्हणतं की दिव्यांगाला इतरांच्या बरोबरीनं मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा, आपला पैसा स्वतः हाताळण्याचा हक्क आहे. कलम १४ मध्ये ‘मर्यादित पालकत्व’ आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, दोघांनी मिळून निर्णय घेण्याची रीत, आणि तीही त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. दोन कायदे शेजारी शेजारी ठेवले की एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखे दिसतात, आणि संसदेनं त्यांची गाठ घालून द्यायला हवी होती हे खरं. ते आपल्या हातात नाही. पण जुन्या कायद्यातले ‘गरज’ आणि ‘कशासाठी’ हे दोन शब्द नव्या कायद्याच्या उजेडात वाचायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

आता विचारायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘त्याला विचारा’ म्हणणं सोपं आहे आणि वाईट रीतीनं विचारणं न विचारण्यापेक्षा घातक ठरू शकतं.

माझ्या भावाला आपण विचारलंत, ‘ताईकडे राहायचं ना?’ तर तो म्हणेल, ‘हो साहेब.’ मग विचारलंत, ‘वसतिगृहात राहायचं ना?’ तरीही ‘हो साहेब.’ खोटं बोलत नाही तो. मोठ्या टेबलामागे बसलेल्या माणसाला ‘हो’ म्हटलं की तो खूश होतो, एवढं तो शाळेत पक्कं शिकला आहे. आमच्या विशेष शाळांनी आज्ञाधारकपणा फार चांगला शिकवला. नकार द्यायला शिकवायचं राहून गेलं. दोन पर्याय दिले तर पुष्कळजण दुसरा उचलतात, कारण तो कानात ताजा असतो. म्हणून जाणते विशेष शिक्षक प्रश्न उलटा करून पुन्हा विचारतात, मध्ये वेळ जाऊ देतात, चित्रं किंवा फोटो समोर ठेवतात. ‘कुठे राहायला आवडेल?’ हा फार मोठा, फार धूसर प्रश्न आहे. ‘रात्री कोण जेवायला वाढतं? घाबरलास तर कोणाला हाक मारतोस? तुझे पैसे कुठे असतात? कोण रागावतं?’ या प्रश्नांची उत्तरं मिळतात, आणि त्यांतून मोठ्याचंही मिळतं. जिन्यातल्या त्या मुलीला दरवाजाबद्दल कोणी विचारलं असतं तर कडीची गोष्ट तिनं साहेबांनाही सांगितली असती.

जागाही महत्त्वाची. जिल्हाधिकारी कार्यालयातला पोलीस आणि पुकारा यांनी भल्याभल्यांची वाचा बसते. समितीच्या संस्था-प्रतिनिधीनं आधी एकदा त्या व्यक्तीला तिच्या कार्यशाळेत किंवा घरी जाऊन भेटावं, घरच्यांना बाहेर बसवून बोलावं, आणि दोन पानांचं टिपण आपल्याला द्यावं. तहसीलदार वारसाच्या चौकशीला गावात जातोच ना? जमिनीच्या बांधासाठी जेवढी चौकशी आपण करतो तेवढी माणसासाठी होत नाही, असं मी म्हटलं तर ते कडवट वाटेल, पण आपण आपल्याकडच्या दोन फायली शेजारी ठेवून पाहाव्यात.

आणि उत्तर सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. माझ्या भावाला कार्यशाळेतून मिळणारा मोबदला आपला आहे हे पक्कं माहीत आहे. तो त्यातून दर महिन्याला टॉर्चचे सेल आणि गुडदाणी आणतो आणि त्यात मी लुडबुड केलेली त्याला खपत नाही. कपडे, जेवण, कोणाशी मैत्री, कुठल्या गणपतीला जायचं, हे त्याचं त्याला ठरवता येतं. मुदत ठेव कधी मोडायची हे येत नाही. फोनवर ‘ओटीपी सांगा’ म्हणणारा आवाज गोड असेल तर तो सांगून टाकेल (तसं तर आमच्या शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनीही सांगितला होता, पण त्यांना कोणी पालक नेमला नाही). तेव्हा त्याला मुदत ठेव आणि घराच्या कागदपत्रांपुरती माझी सोबत हवी. तीही तीन वर्षांसाठी, मग पुन्हा पाहू. असा आदेश एका परिच्छेदात लिहिता येतो.

इथे आमच्याच संघटनेतल्या आया माझ्यावर चिडतात. ‘तुझा भाऊ बोलतो गं. माझी पोरगी बोलत नाही, बसत नाही, घास भरवावा लागतो. तिला काय विचारायचं?’ रास्त आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ज्यांच्यापुढे शंभर टक्के लिहिलेलं असतं अशांसाठी कोणीतरी कायम निर्णय घेणारं लागणार, त्यात तत्त्वज्ञान पाजळायला मी येणार नाही. पण त्याच आईनं मला दाखवलं आहे की एका दाईनं उचललं की मुलीचं अंग ताठ होतं आणि दुसरीच्या खांद्यावर ती मान टाकते. हीदेखील साक्षच आहे. आई असेपर्यंत ती वाचणारं कोणी आहे. ती नसेल त्या दिवसासाठी हे कागदावर हवं. पालकत्वाच्या आदेशाला अशी एक टाचण का जोडू नये: काय आवडतं, कशानं दुखतं, कोणाला पाहून हसते?

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. भाऊबंद अंगठा घेऊन जमीन लाटतील, म्हणून पालक हवाच. असे अंगठे घेतले गेले आहेत, मलाही माहीत आहेत. पण पालक म्हणून नेमलेला तोच भाऊबंद असला तर? १९९९च्या कायद्यानं त्याचीही सोय केली होती. कलम १६ प्रमाणे पालकानं नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आपल्या समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब सादर करायचा. कलम १७ प्रमाणे पालक छळत असेल, हेळसांड करत असेल, पैसे खात असेल तर त्याला दूर करता येतं. मी आपल्याला नम्रपणे विचारते: आपल्या कार्यालयात हिशोबांची ती फाइल कुठे आहे? मी ज्यांना अर्ज भरून दिले त्यांच्यापैकी एकालाही ‘तुमचा हिशोब आला नाही’ असं पत्र आलेलं नाही. आपण संरक्षण म्हणून जे देतो त्याच्यावर पहारा कोणाचा, हे कोणी पाहत नाही.

न विचारण्याची सवय कुठवर जाते हे महाराष्ट्राला ठाऊक असायला हवं. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. कारण दिलं गेलं ते पाळीतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, राज्यभर गदारोळ झाला. त्या वादात डॉक्टर बोलले, अधिकारी बोलले, कार्यकर्त्या बोलल्या. ज्यांच्या पोटावर टाके होते त्यांच्या तोंडचं काही मला आजवर वाचायला मिळालेलं नाही. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, कवडासच्या निवासी संस्थेतल्या मुलांच्या कुपोषणानं झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. कागदोपत्री ती मुलं कोणाच्या ना कोणाच्या देखरेखीखाली होतीच.

उलट उदाहरणही आहे, आणि ते सर्वोच्च न्यायालयाचं आहे. २००९ सालचा सुचिता श्रीवास्तव खटला. चंडीगढच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीवर बलात्कार झाला, ती गरोदर राहिली. उच्च न्यायालयानं गर्भपाताला परवानगी दिली होती. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. न्यायालयाला तिच्या आयुष्यातल्या अडचणी दिसत नव्हत्या असं नाही. तरीही तिनं काय म्हटलं, याला त्यांनी वजन दिलं. देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाला जमलं ते जिल्ह्याच्या ठिकाणी अशक्य असायचं कारण नाही.

आपली आणखी एक टोपी आहे, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याची. तिथे मात्र आपण या माणसांना पूर्ण माणूस मानता. सक्षम न्यायालयानं कोणाला विकलमनस्क ठरवलं नसेल तर त्याचं नाव मतदार यादीतून कमी करता येत नाही. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र त्याला पुरेसं नाही. माझा भाऊ मत देतो. कोणाला देतो ते मला सांगत नाही. बोटावरची शाई मात्र आठवडाभर दाखवत फिरतो. आपल्याच कार्यालयाच्या एका मजल्यावर तो खासदार निवडायला लायक असतो आणि दुसऱ्या मजल्यावर आपण कोणाबरोबर राहणार हे सांगायला नालायक ठरतो. यातली गंमत आपल्याही लक्षात येईल.

विचारायला हवं हे मान्य केलं तरी पुढे एक अडचण उभी राहते, आणि ती मी लपवणार नाही. समजा त्या दोन वेण्यांच्या मुलीला आपण विचारलंत, तिनं ‘दादाकडे नाही’ म्हटलं, तर तिला ठेवायचं कुठे? राज्यात प्रौढांसाठी चांगल्या निवासी जागा मोजक्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच पालकांनीच उभ्या केलेल्या. ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे: मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली तीही आई-वडिलांनी आपल्या मुलीसाठी. डोंबिवलीजवळ खोणीचं ‘घरकुल’ अमेय पालक संघटनेचं. पुण्याजवळ मारुंजीला ‘नवक्षितिज’ आहे. तिथली मंडळी डोंगर चढतात. पण प्रतीक्षा यादी लांब असते आणि खर्च मध्यमवर्गालाही झेपत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची मदत २०२५ मध्ये महिना १५०० वरून २५०० रुपये झाली, हे चांगलंच झालं. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना एक लाखापर्यंत उपचारखर्च देते. पण २५०० रुपयांत रात्रपाळीची मदतनीस मिळत नाही. २०२२ मध्ये राज्यानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. चार-सहा जणांनी वस्तीतच, मदतनिसासह राहावं अशी छोटी घरं तालुक्या-तालुक्यात उभी करणं हे त्या विभागाचं काम आहे, आणि त्यांना मी वेगळं पत्र लिहीन. आपल्याला एवढंच सांगते की जागा नाही म्हणून प्रश्न न विचारणं सोडून द्या. तिचं उत्तर नोंदवलं गेलं तर निदान जागा किती लागतील याची यादी तरी तयार होईल. आज तीही कुठे नाही.

समितीतल्या तिसऱ्या खुर्चीबद्दलही बोलायला हवं. ‘एक दिव्यांग व्यक्ती’ या जागी मी आजवर अस्थिव्यंग किंवा अंध सदस्यच पाहिले. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला तिथे बसवण्याची कल्पना मांडली की लोक हसतात. त्यांच्यासाठी सांगते: न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन. लहानपण संस्थांच्या चार भिंतींत गेलं, बौद्धिक अक्षमतेचा शिक्का जन्मभर राहिला, आणि २०१६ मध्ये ते दिव्यांग हक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर निवडून गेले. सोप्या भाषेतले कागद आणि शेजारी एक सहायक, एवढ्या तयारीनिशी त्यांनी जगभरातल्या सरकारांना प्रश्न विचारले. आपल्या जिल्ह्यात असा कोणी नाही, हे शोधल्याशिवाय म्हणू नये. आमच्या संघटनेतल्या दोघातिघांना मी सभा चालवताना पाहिलं आहे. वेळ पाळण्याच्या बाबतीत ते आमच्यापेक्षा कडक असतात.

तर मागणं असं आहे. तिमाही बैठकीची तारीख महिनाभर आधी नोटीस बोर्डावर आणि विशेष शाळांत लागू द्या. एका सकाळी अर्जांचा ढीग उपसू नका. बँकांच्या जिल्हास्तरीय बैठकीत, जिचे अध्यक्षही आपणच असता, अग्रणी बँकेला सांगा की सही करणाऱ्या, व्यवहार समजणाऱ्या खातेदाराकडून सरसकट पालकत्वाचा कागद मागू नये. जुन्या आदेशांतल्या ज्या पालकांचे हिशोब आले नाहीत त्यांना एक पत्र जाऊ द्या. आणि नव्या आदेशाच्या नमुन्यात, पालकाच्या नावाच्या आधी, एक रकाना वाढवा: ‘संबंधित व्यक्तीस कोणी, कोठे व कसे विचारले, तिने काय सांगितले किंवा दर्शवले.’ तो कोरा असेल तर सही करू नका.

यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, मंत्रालयात फाइल पाठवावी लागत नाही, खर्चाचं शीर्ष शोधावं लागत नाही. १९९९च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये हे काम आपल्याला आधीपासूनच सोपवलेलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या समितीची पुढची बैठक ही तिमाही संपण्याआधी व्हायची आहे; तिची तारीख कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक बहीण